नाम ही जात, कर्ता हा हुद्दा

पाचवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत असताना एकदा मी फळ्यावर ‘द काऊ ईट्स ग्रास’ हे साधे वाक्य लिहिले आणि पहिल्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीला या वाक्याचा ‘सब्जेक्ट’ कोणता असे विचारले, तेव्हा तिने क्षणभरही न अडखळता ‘इंग्रजी’ असे उत्तर दिले. वर्ग हसला, पण तिचे काही चुकले होते असे मला वाटले नाही. तिच्या वेळापत्रकात गणित हा एक सब्जेक्ट होता, भूगोल हा दुसरा, आणि ज्या तासाला हे वाक्य फळ्यावर उमटले त्या तासाचा सब्जेक्ट इंग्रजी हाच होता. मग एका मुलाने ‘गाय’ असे उत्तर दिले. ते बरोबर होते, पण कशावरून असे विचारताच तो म्हणाला, “बाई, वाक्य गायीबद्दल आहे ना, म्हणून.” त्याच्या शेजारच्याने त्याला दुरुस्त केले, “तसं नव्हे, खाते कोण? गाय. म्हणून गाय.” एकाच उत्तराला दोन मुलांनी दोन वेगळी कारणे दिली होती, आणि पुढे वर्षभर या विषयाचा विचार करताना माझ्या ध्यानात आले की, ती दोन्ही कारणे या वाक्यापुरती खरी असली तरी इंग्रजीच्या सर्व वाक्यांना ती पुरणारी नाहीत, आणि आपण मुलांना ती पुरतील असे सांगतो येथेच पुढच्या पुष्कळ चुकांचे मूळ आहे.

‘सब्जेक्ट’ हा शब्द लॅटिनमधून आलेला असून ‘खाली असलेले’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. ॲरिस्टॉटलने ज्या ग्रीक शब्दाने विधानाचा आधार दर्शविला त्याचे हे लॅटिन भाषांतर. राजाच्या अमलाखाली असलेली ती रयत, विवेचनाच्या मुळाशी असलेला तो विषय, आणि ज्याच्या आधारावर विधान उभे राहते ते व्याकरणातले उद्देश्य, अशी एकाच शब्दाची तीन अपत्ये इंग्रजीत नांदतात. मराठीत मात्र आपण या व्याकरणातल्या अर्थासाठी दोन शब्द बाळगले आहेत: वाक्यपृथक्करणात आपण ‘उद्देश्य’ आणि ‘विधेय’ म्हणतो, तर प्रयोगविचारात ‘कर्ता’ आणि ‘कर्म’ म्हणतो. इंग्रजीच्या तासाला शिक्षक बहुधा ‘कर्ता’ हाच शब्द उचलतो, कारण तो सोपा आहे आणि त्याचा अर्थ त्याच्या तोंडावरच लिहिलेला आहे. करणारा तो कर्ता. पण हा सोपेपणाच घात करतो; तो कसा, हे सांगण्यापूर्वी नामाची हकीकत आधी सांगितली पाहिजे, कारण उद्देश्याच्या जागी जे बसते ते बहुतकरून नाम असते आणि मुलांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात.

नाम म्हणजे व्यक्तीचे, स्थळाचे किंवा वस्तूचे नाव, ही व्याख्या इंग्रजी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करविली गेली आणि आपल्याकडेही तीच आली. आंबा, पुणे, शिपाई या शब्दांना ती चपखल लागू पडते. पण ‘प्रामाणिकपणा’ ही वस्तू कोणती, ‘धावणे’ हे स्थळ की व्यक्ती, असे एखाद्या विचारी मुलाने विचारले म्हणजे शिक्षकाला भाववाचक नावाची एक वेगळी कोठडी दाखवून सुटका करून घ्यावी लागते. आपल्याकडे प्राचीन काळी यास्काने ‘निरुक्त’ या आपल्या ग्रंथात पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग करताना याहून सूक्ष्म विचार केला होता. नामात सत्त्वाला, म्हणजे सिद्ध झालेल्या पदार्थाला, प्राधान्य असते आणि आख्यातात होत असलेल्या क्रियेला, असा भेद करून तो पुढे म्हणतो की, आरंभापासून शेवटपर्यंत क्रमाने घडत जाणारी क्रिया आख्यात सांगते. पण तीच क्रिया जणू मूर्तिमंत होऊन एक पदार्थ म्हणून उभी राहिली की तिला नामाने संबोधावे लागते, आणि जाणे व शिजवणे यांच्या नामरूपांचा तो दाखलाही देतो. ‘ही रन्स’ आणि ‘रनिंग इज गुड’ या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगायला याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. पहिल्या वाक्यात पाय हलत आहेत; दुसऱ्यात धावण्याचा सगळा व्यापार गाठोड्यासारखा बांधून समोर ठेवला आहे आणि त्याच्याविषयी मत दिले आहे. दहा वर्षांच्या मुलाला यास्काचे नाव सांगण्याची गरज नाही, पण गाठोड्याची गोष्ट त्याला लगेच उमगते.

दुसरे साधन पाश्चात्त्य भाषाशास्त्राने दिले आहे. १९५२ साली चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकाने लोकांची टेलिफोनवरची प्रत्यक्ष बोलणी टिपून, त्यांवरून इंग्रजी वाक्यरचनेचे पुस्तक लिहिले आणि त्यात ‘नाम’ हा शब्दच बाजूला ठेवला. वाक्याची एक चौकट घ्यावी, तिच्यात एक जागा मोकळी सोडावी, आणि त्या मोकळ्या जागेत जे जे शब्द शोभतात ते सर्व एका वर्गाचे मानावेत, ही त्याची पद्धत. ‘द … वॉज गुड’ ही चौकट फळ्यावर काढून मी मुलांकडून शब्द मागवून घेते. मॅंगो, टीचर, रेन, डिसिप्लिन असे शब्द बसतात, ‘ईट’ आणि ‘व्हेरी’ बसत नाहीत, आणि व्याख्येच्या एका अक्षराचाही आधार न घेता नामांची रास फळ्यावर जमते. मुलांना अर्थ न समजताही नाम ओळखता येते, याचा पुरावा १९५८ साली जीन बर्को हिने दिला. तिने लहान इंग्रजीभाषी मुलांना पक्ष्यासारख्या एका कल्पित प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असे सांगितले आणि मग तसल्याच दोन प्राण्यांचे चित्र पुढे करून आता हे काय झाले असे विचारले. जगात कोठेही अस्तित्वात नसलेल्या त्या शब्दाचे ‘वग्ज’ असे अनेकवचन बहुतेक मुलांनी आपण होऊन केले. मात्र शेवटी ‘इझ’ असा उच्चार जोडावा लागतो अशा शब्दांवर तीच मुले अडखळली. नाम म्हणजे ज्याला भाषा एक विशिष्ट वागणूक देते असा शब्द, हे तत्त्व त्या मुलांना कोणी शिकविले नव्हते, पण ते त्यांच्या जिभेवर होते.

आपल्या मुलांच्या जिभेवर ते नसते, असतात ती मराठीच्या वागणुकीची वळणे. देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेद नसल्यामुळे विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढावयाचे हे मुलाला एखाद्या परक्या दरबारातील शिरस्त्यासारखे पाठ करावे लागते, आणि वार व महिने यांनाही तो मान आहे हे तर त्याच्या गावीही नसते. नामाच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ बसविण्याची वहिवाट मराठीत नाही. पण सर्वांत मोठा गोंधळ वचनाचा. आपण तांदूळ निवडतो तेव्हा ते अनेक असतात, ज्वारी निवडतो तेव्हा ती एक असते. इंग्रजीत ‘राइस’ हा मोजण्याचा पदार्थच नव्हे, म्हणून तो सदैव एकवचनी. आपले केस पिकतात, साहेबाचा ‘हेअर’ एकवचनातच पांढरा होतो. आपण चार वडीलधाऱ्यांकडून चार सल्ले घेतो, ‘ॲडव्हाइस’ला मात्र अनेकवचन नाही. उलट कात्री, चष्मा आणि विजार या आपल्या दृष्टीने एकेकट्या वस्तू. पण दोन पाती, दोन भिंगे आणि दोन पाय यांच्याकडे पाहून इंग्रजीने त्यांना कायमचे अनेकवचन बहाल केले आहे. हे अपवाद म्हणून पाठ करवून घेण्यापेक्षा, प्रत्येक भाषा जगाची मोजदाद आपल्या वेगळ्या मापाने करते, हे मुलांना घरातल्या वस्तू हातात देऊन दाखवावे. मी एकदा वर्गात मूठभर तांदूळ आणि एक कात्री नेली होती, आणि त्या तासाला झालेली चर्चा मला व्याकरणाच्या पुस्तकातील कित्येक पृष्ठांहून मोलाची वाटली.

आता कर्त्याकडे वळू. आपल्या शालेय मराठी व्याकरणाची घडण इंग्रजी व्याकरणाच्या छायेत झाली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. अमेरिकेत जन्मलेला आणि पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेला लिंडली मरे हा वकील; त्याने १७९५ साली तेथील मुलींच्या एका शाळेच्या उपयोगासाठी इंग्रजीचे जे व्याकरण लिहिले त्याचा अंमल पुढे अर्धे शतक इंग्रजी शाळांवर चालला, आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा इंग्रजी व्याकरणाची धाटणी त्यांच्या नजरेपुढे होती. शब्दांच्या आठ जाती आपण आजही जवळजवळ त्याच साच्यात शिकतो. परंतु कर्ता ही कल्पना त्या साच्यातून आलेली नाही. ती पाणिनीच्या कारकविचारातून आलेली आहे. क्रिया सिद्धीस नेणाऱ्या सर्व कारकांमध्ये जो स्वतंत्र तो कर्ता, असे पाणिनी मानतो, आणि म्हणून प्रथमा असो की तृतीया असो, विभक्ती कोणतीही लागली तरी कर्त्याचे कर्तेपण जात नाही. ‘राम आंबा खातो’ यात राम कर्ता, आणि ‘रामाने आंबा खाल्ला’ यातही रामच कर्ता, जरी दुसऱ्या वाक्यात क्रियापद रामाकडे ढुंकूनही न पाहता आंब्याच्या मागे जाते आणि आंब्याऐवजी चिंच आली की ‘खाल्ली’ होते. इंग्रजीचा सब्जेक्ट यापेक्षा अगदी निराळ्या कुळातला आहे. ‘द मॅंगो वॉज ईटन बाय राम’ या वाक्यात आंब्याने काहीही केलेले नाही, त्याचेच भक्षण झाले आहे. तरी सब्जेक्टचा मान त्यालाच. ‘द ग्लास ब्रोक’ यात पेला फोडणारा हात वाक्याबाहेर राहिला आहे आणि फुटलेला पेला मानाच्या जागी बसला आहे. करणारा तो कर्ता ही व्याख्या घेऊन मूल या वाक्यांपाशी आले की ते बिचारे हात शोधत बसते.

म्हणून मी मुलांना सांगते की, नाम ही जात आहे आणि सब्जेक्ट हा हुद्दा आहे. मामलेदार कचेरीत मामलेदार असतो, घरी गेला की कोणाचा बाप आणि कोणाचा मुलगा. माणूस तोच, पण खुर्ची बदलली की त्याचा अधिकार बदलतो. मराठीत हुद्द्याची खूण माणसाच्या अंगावरच शिवलेली असते: ‘कुत्रा माणसाला चावला’ हे वाक्य ‘माणसाला कुत्रा चावला’ असे उलटे केले तरी चावणारा कुत्राच राहतो, कारण ‘ला’ हा प्रत्यय माणसाच्या पाठीवर बिल्ल्यासारखा आहे आणि तो लागण्यासाठी ‘माणूस’ या शब्दाला ‘माणसा’ असे आपले रूपसुद्धा बदलावे लागले आहे. इंग्रजी नामाच्या अंगावर असा बिल्ला नाही. तेथे हुद्दा ठरतो तो केवळ जागेवरून, आणि ‘डॉग’ व ‘मॅन’ यांची जागा बदलली की सगळा खटलाच उलटतो.

हे दाखविण्यासाठी वर्गात तीन खुर्च्या ओळीने मांडाव्यात. एका मुलीच्या हाती ‘द कॅट’ ही पाटी द्यावी, दुसरीच्या हाती ‘द रॅट’, आणि मधल्या खुर्चीवर ‘चेस्ड’ची पाटी घेतलेला मुलगा बसवावा. वर्गाने वाक्य वाचावे, मग दोन्ही मुलींनी पाट्या तशाच धरून जागांची अदलाबदल करावी आणि वर्गाने पुन्हा वाचावे. पहिल्यांदा उंदीर मांजराच्या मागे धावतो तेव्हा वर्गात जो कल्लोळ उडतो त्याच्यातच धडा होऊन जातो. नंतर त्याच मुलींच्या हाती सर्वनामांच्या पाट्या दिल्या की आणखी एक गोष्ट प्रकाशात येते. ‘शी’ पहिल्या खुर्चीवर बसू शकते, पण तिसऱ्या खुर्चीवर जाताना तिला ‘हर’ व्हावे लागते. ‘ही’चा ‘हिम’ होतो, ‘आय’चा ‘मी’ होतो. नामांनी जुने बिल्ले केव्हाच उतरवून ठेवले, सर्वनामांनी मात्र अजून जपून ठेवले आहेत. आणि येथे मराठी मुलाच्या वाटेत एक खास खड्डा आहे: त्याच्या घरचा ‘मी’ पहिल्या खुर्चीचा मालक, तर इंग्रजीतला तसाच कानाला वाटणारा ‘मी’ त्या खुर्चीवर बसण्यास अपात्र. ‘मी गो टू स्कूल’ असे लिहिणारे मूल मंदबुद्धी असते असे नव्हे. ते आपल्या आईच्या भाषेशी प्रामाणिक असते, आणि ही गोष्ट त्याला मायेने सांगितली तर ती चूक फार काळ टिकत नाही.

याच प्रामाणिकपणातून ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आला’, ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यांचे इंग्रजी करताना मुले गोंधळतात. मराठीत भूक लागते, ताप येतो, आंबा आवडतो; मी त्या सर्वांचा नुसता ‘मला’ होऊन स्वीकार करतो. इंग्रजीत मात्र भुकेलाही ‘आय’, तापालाही ‘आय’ आणि आवडीलाही ‘आय’च पुढे होतो. पण इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती, हे शिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावे. ‘लाइक’ या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘आवडणे’ म्हणजे ‘रुचणे’ असाच होता. येस्पर्सन या डॅनिश पंडिताने हे समजावताना राजा आणि पेअर नावाची फळे यांचे उदाहरण दिले आहे. त्या काळी राजाला फळे आवडत, म्हणजे राजा चतुर्थीत असे आणि क्रियापद फळांच्या वचनाप्रमाणे चाले, अगदी आपल्या ‘राजाला आंबे आवडतात’ याप्रमाणे. पुढे शतकांच्या ओघात नामांचे प्रत्यय झिजले, राजा चतुर्थीत आहे याची खूण पुसली गेली, तो वाक्याच्या आरंभी बसलेला होताच, आणि ऐकणाऱ्यांनी त्यालाच सब्जेक्ट समजण्यास सुरुवात केली. शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारा ‘मीथिंक्स’ हा शब्द त्या जुन्या वहिवाटीचा अवशेष आहे. ‘मला भासते’ असाच त्याचा अर्थ. इंग्रजीने जी वाट सोडली ती आपण अजून चालतो आहोत, एवढे कळले तरी आपल्या मुलांचे ‘मला’ अडाणी वाटेनासे होईल.

पहिली खुर्ची रिकामी ठेवण्याची मुभा इंग्रजीत नाही. मराठीत ‘जातो’ एवढे म्हटले तरी जाणारा कोण ते क्रियापदावरून आणि प्रसंगावरून कळते. ‘बारा वाजले’ असे म्हणताना काय वाजले याची कोणी चौकशी करीत नाही. पाऊस पडतो तेव्हा आपल्याकडे पडणारा पाऊसच असतो, पण इंग्रजीत ‘रेन’ हे क्रियापद झाले की पडणारा कोणी उरत नाही, आणि तरीही खुर्ची भरायची असल्यामुळे तेथे ‘इट’ या नामधारी अधिकाऱ्याची नेमणूक करतात. तिन्ही खुर्च्यांचा खेळ चालू असताना मी एकदा पहिली खुर्ची रिकामी ठेवून मधल्या खुर्चीवर ‘इज रेनिंग’ ही पाटी ठेवली. मुलांनी ढग, आकाश, देव अशी उमेदवारांची यादी सुचविली. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. ‘इट’ला अर्थ नाही, केवळ काम आहे, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी पटली, आणि ‘इज रेनिंग टुडे’ असे अर्धे वाक्य त्या वर्गाच्या वह्यांत पुन्हा क्वचितच दिसले.

शेवटची अडचण सर्वांत कठीण असते आणि तीच पाठ्यपुस्तकांतून सर्वांत घाईने आटोपली जाते. सब्जेक्ट नेहमी एक शब्द नसतो. ‘द बास्केट ऑफ मॅंगोज’ यानंतर ‘इज’ लिहावयाचे की ‘आर’, या प्रश्नावर मोठमोठी मुले चुकतात. ही चूक निष्काळजीपणाची आहे असे मानले जाते. मला तिचे कारण मराठीच्या घडणीत दिसते. ‘आंब्यांची टोपली जड आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा विशेषणे, षष्ठ्या आणि सारा लवाजमा आधी चालतो, खरा धनी सर्वांच्या शेवटी येतो आणि क्रियापदाशी त्याची गाठ लगेच पडते. म्हणून क्रियापदाच्या सर्वांत जवळच्या नामाकडे पाहण्याची सवय मराठी मुलाच्या अंगी मुरलेली असते. इंग्रजीत धनी आधी येतो, लवाजमा मागून. टोपली पुढे निघून गेलेली असते आणि क्रियापदाच्या दारात आंबे उभे असतात. मूल सवयीप्रमाणे दारातल्या आंब्यांना नमस्कार करते आणि ‘आर’ लिहून मोकळे होते.

यावर मी एक उपाय करते. क्रियापदाच्या आधीचे सर्व शब्द तळहाताने झाकावेत आणि त्यांच्या जागी एकच सर्वनाम म्हणून पाहावे. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ की ‘दे’, जे अर्थाला जुळेल ते. जेवढा भाग त्या एका सर्वनामाखाली मावतो तेवढा सगळा सब्जेक्ट, आणि त्या सर्वनामाला जे क्रियापद शोभेल तेच खरे. वर्षअखेरीस मी फळ्यावर टोपलीचे ते वाक्य क्रियापदाची जागा मोकळी सोडून लिहिले, तेव्हा पहिल्या बाकावरची तीच मुलगी उठून फळ्याजवळ आली. तिचा हात लहान होता, चार शब्द काही केल्या झाकेनात. तिने दुसराही हात लावला, दोन्ही तळव्यांखाली टोपली, आंबे आणि मधला ‘ऑफ’ दडवला, वर्गाकडे मान वळवून “इट” असे म्हणाली, आणि मग खडूची भुकटी लागलेल्या एका बोटाने मोकळ्या जागेत ‘इज’ लिहिले.